क्वार्टरबॅकची पारख, बास्केटबॉलचे दावेदार आणि अंगठ्यांवरून ठरणारी थोरवी

निळासावळा (८ जुलै २०२५)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा हंगाम संपला आणि अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. या मधल्या काळात दरवर्षी त्याच चर्चा रंगतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, घेतलेल्या क्वार्टरबॅकपैकी (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंपैकी) कोण टिकेल, बास्केटबॉलचे पुढचे अजिंक्यपद कोण जिंकेल आणि अमुक खेळाडू तमुकापेक्षा थोर की नाही. या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. सांघिक खेळातल्या यशात एका खेळाडूचा वाटा किती, आणि तो ओळखायचा कसा?

माझे मत आधीच स्पष्ट करतो. विजेत्या संघातील प्रत्येकाला जी अंगठी मिळते, त्या अंगठ्या मोजून खेळाडूंची प्रतवारी लावणे मला मान्य नाही, आणि फुटबॉलमध्ये तर मुळीच नाही. क्वार्टरबॅक फक्त आक्रमणाच्या वेळी मैदानात असतो. प्रतिस्पर्ध्याचे आक्रमण चालू असताना तो सीमारेषेबाहेर उभा राहून बघण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, सिएटलचा संघ न्यू इंग्लंडच्या एंड झोनपासून (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवण्याच्या पट्टीपासून) अवघ्या एका यार्डावर होता आणि अर्धा मिनिटही उरले नव्हते. त्या क्षणी न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर या बचावपटूने, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने निवडले नव्हते, सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा पास वाटेतच पकडला. तो चेंडू सिएटलच्या खेळाडूच्या हाती लागला असता, तर बहुधा न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची एक अंगठी कमी झाली असती आणि विल्सनची एक वाढली असती. ब्रेडी त्या दिवशी जसा खेळला होता, त्यात मात्र तसूभरही फरक पडला नसता.

ड्राफ्टची पारख तर त्याहून कच्ची. २०१८ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन थेट बत्तिसावा. गेल्या दोन हंगामांचे एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) आहेत जॅक्सन आणि ॲलन. आपली मते आणि अनुभव वाचायला आवडतील.

डेट्रॉइटकर (८ जुलै)

धागा उत्तम आहे, पण आपल्या मूळ मताशी मी असहमत आहे. खेळ जिंकण्यासाठी खेळतात. बटलरने तो पास पकडला हे खरे, पण त्या सामन्याच्या चौथ्या सत्रात दहा गुणांची पिछाडी भरून काढणारे दोन टचडाऊन पास (एंड झोनमध्ये पोहोचून गुण देणारे पास) ब्रेडीचेच होते. ते नसते तर बटलरच्या झेपेला काहीच किंमत उरली नसती. ब्रेडी दहा वेळा सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि सात वेळा जिंकला. त्यातला सातवा विजय न्यू इंग्लंड सोडल्यानंतर, टँपा बेच्या संघातून, पहिल्याच वर्षी मिळवलेला. संघ बदलला, प्रशिक्षक बदलला, तरी निकाल तोच राहिला. हा योगायोग वाटत असेल तर कर्तृत्व कशाला म्हणायचे हे आपण सांगावे.

मोठ्या सामन्यांचे दडपण ही खेळाची अंतिम परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेल्याला आणि न झालेल्याला एकाच पंक्तीत बसवणे मला पटत नाही.

वैदेही_जे (८ जुलै)

मग डॅन मरिनो या क्वार्टरबॅकला कोणत्या पंक्तीत बसवाल? १९८४ च्या हंगामात त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन पास केले. त्या काळात हे आकडे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. पुढे सतरा हंगामांच्या कारकिर्दीत तो पुन्हा कधीही सुपर बोलला पोहोचला नाही.

डेट्रॉइटकर (८ जुलै)

मरिनो महान होताच. अंगठ्या मिळवलेल्या जो माँटाना, ब्रेडी यांच्या खालोखाल. एवढेच माझे म्हणणे आहे.

अनघा_आर (९ जुलै)

ड्राफ्टच्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते, कारण सॅम डार्नल्डची कारकीर्द मी पहिल्या दिवसापासून पाहत आले आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि घरातील सगळे न्यूयॉर्क जेट्सचे चाहते असल्यामुळे तो आमच्यासाठी केवळ आकडेवारीचा विषय नव्हता.

त्याला मिळवण्यासाठी जेट्सने सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येताना दुसऱ्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या. त्याचा पहिला सामना योगायोगाने डेट्रॉइटमध्येच होता. व्यावसायिक कारकिर्दीतला त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि थेट टचडाऊनपर्यंत नेला. एकवीस वर्षांचा मुलगा त्यानंतर खचला नाही; जेट्सने तो सामना ४८-१७ असा जिंकला. इतका कणखर स्वभाव असलेल्या मुलाचे पुढच्या वर्षभरात काय झाले? प्रशिक्षक बदलला, समोरची फळी त्याला चेंडू फेकायला पुरेसा वेळ देऊ शकत नव्हती आणि पास झेलायला भरवशाचे कोणी नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० असा पराभव होत असताना, बाकावर बसून तो म्हणाला की मला भुते दिसत आहेत. त्याच्या अंगावर मायक्रोफोन होता, त्यामुळे ते वाक्य देशभर ऐकू गेले आणि तीच त्याची ओळख होऊन बसली. नसलेले बचावपटू दिसू लागणे, म्हणजे दडपणाची इतकी सवय होणे की ते नसतानाही जाणवत राहणे, हे त्याच्या तोंडून आलेले अतिशय प्रामाणिक वर्णन होते. लोकांनी त्याची टिंगल केली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर कॅरोलायना आणि मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून एक वर्ष काढून २०२४ मध्ये तो मिनेसोटाला गेला. नवोदित जे. जे. मॅकार्थीच्या गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे त्याला संधी मिळाली. केव्हिन ओकॉनलसारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा पास झेलणारा रिसीव्हर लाभताच याच डार्नल्डने ३५ टचडाऊन पास केले आणि संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले. सहा वर्षांपूर्वी पारख चुकली होती असे मला वाटत नाही. पारख बरोबर होती. त्याला मिळालेली जागा चुकीची होती.

डेट्रॉइटकर (९ जुलै)

अनघाताई, फार मनापासून लिहिले आहे. पण त्याच हंगामाचा शेवटही सांगायला हवा. गटातील पहिले स्थान पणाला लागलेल्या अखेरच्या साखळी सामन्यात आमच्या लायन्सविरुद्ध ३१-९ असा पराभव झाला, आणि पुढच्याच आठवड्यात प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) लॉस एंजेलिस रॅम्सकडून २७-९. संघ तोच, प्रशिक्षक तोच, जेफरसनही तोच.

अनघा_आर (९ जुलै)

रॅम्सविरुद्धच्या त्या सामन्यात त्याला नऊ वेळा चेंडूसह जमिनीवर पाडले गेले. त्यातल्या काही वेळा त्याने चेंडू फार वेळ हातात धरून ठेवला, हे मला मान्य आहे. तरीही नऊच्या नऊ वेळांचा दोष एकाच्या माथी मारता येणार नाही. आता तो सिएटलला गेला आहे. तिथे समोरची फळी कशी उभी राहते, त्यावर माझे सगळे लक्ष राहील.

बे_एरियावासी (१० जुलै)

पारख आणि जागा हा अनघा यांचा मुद्दा आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने दोन्ही बाजूंनी सिद्ध केला आहे. २०२१ मध्ये पहिल्या फेरीतल्या तीन निवडी खर्चून त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला घेतले. २०२२ मध्ये त्याच संघाने ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला घेतले. लान्स दोन वर्षांत चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला, तर पर्डीने संघाला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले आणि यंदा मे महिन्यात पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार मिळवला. प्रशिक्षक एकच, खेळण्याची पद्धत एकच. म्हणजे जागा योग्य असूनही पारख चुकू शकते, हेही लक्षात घ्यावे लागेल.

पारख का चुकते, तर जे मोजता येते तेच मोजले जाते म्हणून. इंडियानापोलिसला दरवर्षी होणाऱ्या चाचणीत चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, तळहाताचा आकार, सगळे काही काटेकोरपणे नोंदवतात. २००० साली ब्रेडीला त्या धावेसाठी ५.२८ सेकंद लागले आणि तो सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकापर्यंत पडून राहिला. पाच बचावपटू अंगावर येत असताना दुसरा आणि तिसरा पर्याय शांतपणे शोधण्याची क्षमता अजून कोणत्याही घड्याळाने मोजता आलेली नाही.

आणखी एक कारण पैशाचे आहे, त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलर मिळाले. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या नव्या करारानंतर पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी. नवोदित इतका स्वस्त झाल्यामुळे, तो स्वस्त आहे तोवरच बाकीचा संघ महागड्या खेळाडूंनी भरून जिंकून घ्यावे, असा हिशेब प्रत्येक संघ मांडू लागला. परिणामी त्याला शिकायला वेळ द्यायची कोणाचीच तयारी राहिली नाही. ॲरन रॉजर्सने ब्रेट फार्व्हच्या मागे तीन वर्षे काढली, कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक मॅहोम्सने ॲलेक्स स्मिथच्या मागे एक. आज पहिल्या क्रमांकाच्या मुलाला पहिल्याच रविवारी मैदानात उतरवतात.

सांगलीचा_विजय (१० जुलै)

जॉश रोझनचे उदाहरण तर काळजाला लागणारे आहे. ॲरिझोनाने एक वर्ष खेळवले, प्रशिक्षकाला काढले, नव्या प्रशिक्षकाने काइलर मरीला घेतले आणि रोझनला मायामीला धाडले. एका वर्षात मुलाची पारख पूर्ण झाली!

मध्यरात्र (१० जुलै)

मोठ्या सामन्यांचे दडपण ही अंतिम परीक्षा असते, असे डेट्रॉइटकर म्हणतात. मग २३ जानेवारी २०२२ च्या रात्रीबद्दल त्यांचे मत मला जाणून घ्यायचे आहे.

बफलो विरुद्ध कॅन्सस सिटी. जॉश ॲलनने त्या सामन्यात चार टचडाऊन पास केले आणि चारही गॅब्रिएल डेव्हिसने झेलले. शेवटचा पास झाला तेव्हा घड्याळात १३ सेकंद उरले होते आणि बफलो ३६-३३ असे पुढे होते. मग बफलोने चेंडू असा लाथाडला की तो थेट एंड झोनमध्ये गेला आणि घड्याळातला एकही सेकंद खर्च झाला नाही. मॅहोम्सने टायरीक हिलला १९ यार्डांचा आणि ट्रॅव्हिस केल्सीला २५ यार्डांचा, असे दोन पास केले. ४९ यार्डांवरून किक बसली आणि सामना बरोबरीत आला. जादा वेळेत नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली आणि पहिल्याच आक्रमणात टचडाऊन करून सामना ४२-३६ असा संपवला. ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. तो शिरस्त्राण हातात धरून बघत राहिला.

नियम बनवणाऱ्यांनाही हे खुपले असावे, कारण त्याच वर्षी प्लेऑफपुरता नियम बदलून जादा वेळेत दोन्ही संघांना चेंडू मिळेल अशी तरतूद केली गेली. ॲलन आजवर चार वेळा प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीकडून हरला आहे. त्या रात्री तो कोणत्या परीक्षेत नापास झाला, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

डेट्रॉइटकर (११ जुलै)

त्या रात्री ॲलन नापास झाला नाही, हे मी निःशंकपणे म्हणेन. पण तुमच्याच वर्णनात दुसरी बाजू आहे. तेरा सेकंदांत चव्वेचाळीस यार्ड काढणे ही नाणेफेक नव्हती; तो मॅहोम्स होता. मॅहोम्सकडे तीन अंगठ्या आहेत त्या अशाच क्षणांमुळे आहेत. ॲलनवर अन्याय होऊ नये म्हणून मॅहोम्सचे श्रेय कमी करायचे का?

निळासावळा (११ जुलै)

श्रेय कमी करू नये, पण श्रेय त्या दोन पासना द्यावे, अंगठीला नव्हे. शिवाय त्या वर्षी मॅहोम्सला अंगठी मिळालीच नाही, कारण पुढच्याच सामन्यात सिनसिनाटीने कॅन्सस सिटीला हरवले. अंगठ्या मोजणाऱ्याच्या वहीत ते तेरा सेकंद शून्य ठरतात. ज्या क्षणाला आपण त्याच्या थोरवीचा पुरावा म्हणता, तो आपल्याच मापात बसत नाही.

ठाणेकर_सतीश (११ जुलै)

आपल्याकडचे उदाहरण देतो. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर विश्वचषक जिंकला नसता, तर सचिनच्या थोरवीत काही उणे पडले असते का? १ एप्रिललाही तो तोच सचिन होता. क्रिकेटमध्ये हे आपल्याला सहज समजते, कारण प्रत्येक फलंदाजाच्या धावा स्वतंत्र लिहिल्या जातात.

रानजाई (११ जुलै)

सतीशराव, शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. मी बास्केटबॉल शाळेपासून खेळले आणि फुटबॉल अलीकडेच पाहू लागले. क्वार्टरबॅकच्या नावापुढे विजय-पराजय लिहिलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार आश्चर्य वाटले. त्याला चेंडू फेकायला वेळ मिळवून देणाऱ्या समोरच्या पाच जणांच्या नावावर एकही विजय लिहिलेला नसतो.

इंडीकर (१२ जुलै)

आता बास्केटबॉलकडे वळतो. निळासावळा यांनी तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्याचे लिहिले आहे. ते बहुतांशी खरे असले, तरी बास्केटबॉलमध्ये एकटा खेळाडू अधिक भार उचलतो, हे मान्य करायला हवे. मैदानात पाचच जण असतात, तेच आक्रमण करतात आणि तेच बचाव करतात, आणि उत्तम खेळाडू ४८ पैकी ४० मिनिटे खेळू शकतो. म्हणून बास्केटबॉलची अंगठी फुटबॉलच्या अंगठीपेक्षा खेळाडूबद्दल जास्त सांगते.

जास्त सांगते, सगळे सांगत नाही. २२ जूनला आम्ही काही मित्र घरी जमून एनबीएच्या अंतिम मालिकेतला, आमच्या इंडियानाचा ओक्लाहोमा सिटीतला सातवा सामना पाहत होतो. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनच्या पोटरीला पाचव्या सामन्यातच दुखापत झालेली होती. तरीही तो उतरला आणि पहिल्याच सत्रात लांबून तीन बास्केट करून नऊ गुण मिळवले. संघ आणि आम्ही, दोघेही तरंगत होतो. मग तो उजव्या पायावर जोर देऊन पुढे झेपावला आणि कोणाचाही धक्का न लागता कोसळला. हाताचा तळवा जमिनीवर आपटत होता. घोट्यामागची शीर तुटली होती. आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हते. विश्रांतीपर्यंत इंडियाना एका गुणाने पुढे होते, आणि शेवटी १०३-९१ असे हरले.

याच हॅलिबर्टनने पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना बास्केट करून १११-११० असा विजय मिळवून दिला होता. तो बाराव्या क्रमांकावर निवडलेला, विचित्र शैलीने चेंडू फेकणारा, सॅक्रामेंटोने सोडून दिलेला खेळाडू आहे. पुढचा पूर्ण हंगाम तो खेळणार नाही आणि मायल्स टर्नरही मिलवॉकीला गेला आहे. त्याला पुन्हा अंतिम मालिका लाभली नाही, तर वीस वर्षांनी अंगठ्या मोजणारे त्याच्याबद्दल काय लिहितील, याचा विचार मनातून जात नाही.

वैदेही_जे (१२ जुलै)

इंडीकर, वाचून घसा दाटून आला. तो लवकर बरा होवो.

कोथरूडचा_केदार (१२ जुलै)

मी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटोचा सामना पाहिला होता. भारतात झालेले एनबीएचे ते पहिलेच सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरलेले होते आणि इंडियानाने जादा वेळेत १३२-१३१ अशी बाजी मारली. तेव्हापासून इंडियाना पेसर्स माझाही संघ आहे. पहाटे उठून सामने पाहायचे, मग कामावर जायचे, हा क्रम यंदाच्या जूनमध्येही चुकला नाही.

पुढच्या वर्षाच्या दावेदारांबद्दल माझे मत असे आहे की ओक्लाहोमा सिटीला रोखणे अवघड आहे. साखळीत ६८ विजय, १९७७ च्या पोर्टलंडनंतरचा सर्वांत तरुण विजेता संघ, आणि अजून हाती असलेल्या ड्राफ्टच्या निवडींचा साठा. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीतल्या पाच निवडी मिळवल्या. त्यांपैकी एका निवडीतून जेलन विल्यम्स आला. एका व्यवहारातून विजेत्या संघाचे दोन खांब उभे राहिले. विजेतेपदात सॅम प्रेस्टी या व्यवस्थापकाचा वाटा किती मोजायचा, हाही याच धाग्याचा प्रश्न आहे.

मध्यरात्र (१२ जुलै)

सलग दोनदा जिंकणारा शेवटचा संघ २०१७ आणि २०१८ चा गोल्डन स्टेट. त्यानंतर टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन आणि ओक्लाहोमा सिटी, असे सात वर्षांत सात निराळे विजेते झाले. २०२३ च्या करारातल्या दुसऱ्या एप्रनमुळे हे आणखी वाढेल. वेतनाची ती मर्यादा ओलांडली की संघाला दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीतली निवडही गोठवली जाते. २०२४ च्या विजेत्या बोस्टनचेच पाहा. त्यांच्या जेसन टेटमच्या घोट्यामागची शीर मे महिन्यात तुटली आणि लगोलग हॉलिडे व पोर्झिंगिस यांना सोडावे लागले.

म्हणून माझा कौल डेन्व्हरला. यंदा ओक्लाहोमा सिटीला सात सामन्यांपर्यंत खेचणारे पश्चिमेतले तेच होते, आणि योकिचला आता राखीव सेंटर म्हणून व्हॅलान्चूनस मिळाला आहे. योकिच ४१ वा निवडला गेला तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती, हे पारखीच्या विषयात नमूद करायला हरकत नाही.

सांगलीचा_विजय (१३ जुलै)

ह्यूस्टन. मागच्या हंगामात ५२ विजय आणि त्यात आता केव्हिन ड्युरँट. पूर्वेत न्यूयॉर्क किंवा क्लीव्हलंड.

निळासावळा (१३ जुलै)

ड्युरँटचे नाव निघालेच आहे, तर अंगठीवाद्यांना एक प्रश्न विचारतो. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटी गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ आघाडीवर असताना मालिका हरले, आणि त्याच उन्हाळ्यात ड्युरँट गोल्डन स्टेटला जाऊन मिळाला. पुढची दोन्ही अजिंक्यपदे त्याने जिंकली, दोन्ही अंतिम मालिकांचा तो एमव्हीपी होता. तरीही त्या दोन अंगठ्यांना पूर्ण किंमत द्यायला अंगठ्या मोजणारेच तयार नसतात. ७३ सामने जिंकलेल्या संघात जाऊन मिळवल्या म्हणतात. म्हणजे अंगठी कोणत्या परिस्थितीत मिळाली हे तेही पाहतात. मग हरलेल्याचीही परिस्थिती पाहायला काय अडचण आहे?

रानजाई (१३ जुलै)

जॉर्डन आणि लेब्रॉनबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. जॉर्डन सहापैकी सहा अंतिम मालिका जिंकला, लेब्रॉन दहापैकी चार, एवढ्यावर हा वाद मिटवला जातो. या हिशेबात अंतिम मालिकेत पोहोचून हरणे हे तिथे न पोहोचण्यापेक्षा कमी दर्जाचे ठरते, आणि हे मला कधीच पटलेले नाही. २० एप्रिल १९८६ ला बोस्टनमध्ये जॉर्डनने ६३ गुण केले आणि शिकागो दुसऱ्या जादा वेळेत हरले. प्लेऑफच्या पहिल्या तीन वर्षांत त्याच्या संघाने दहापैकी नऊ सामने गमावले. मग १९८७ मध्ये साथीदार स्कॉटी पिपेन आला, १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला आणि १९९१ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळाले. ६३ गुणांच्या रात्री जॉर्डन लहान होता आणि १९९१ मध्ये मोठा झाला, असे कोणी म्हणत नाही. २०१५ च्या अंतिम मालिकेत साथीदार अर्व्हिंग आणि लव्ह दोघेही जायबंदी असताना लेब्रॉनने सामन्याला सरासरी ३५.८ गुण केले आणि क्लीव्हलंड ४-२ ने हरले. माझ्या मते ती मालिका त्याच्या उत्तम कामगिरींपैकी आहे.

एवढे लिहूनही, दोघांत एक निवडायचा तर मी जॉर्डनच निवडेन. बचावातही तो प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम खेळाडूला गिळून टाकत असे. दहा वेळा गुणांमध्ये अव्वल राहिलेला माणूस एका वर्षी सर्वोत्तम बचावपटूही ठरला. माझे कारण हे आहे, सहा अंगठ्या नव्हेत.

बे_एरियावासी (१३ जुलै)

रॉबर्ट हॉरीकडे सात अंगठ्या आहेत, चार्ल्स बार्कली आणि कार्ल मलोनकडे एकही नाही. हॉरीचे निर्णायक क्षणीचे बास्केट मी विसरलेलो नाही, पण या तिघांची क्रमवारी त्यावरून लावायला डेट्रॉइटकरही तयार होणार नाहीत.

अनघा_आर (१४ जुलै)

मूळ प्रश्नाकडे परत येते. डेट्रॉइटकर, तुमच्याच शहराचे उदाहरण इतका वेळ कोणी काढले नाही याचे मला नवल वाटते. मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइटला बारा हंगाम खेळला आणि प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही. २०२१ मध्ये जॅरेड गॉफ आणि काही निवडींच्या बदल्यात तो रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. तो खेळाडू एका उन्हाळ्यात बदलला का? आणि ज्याला रॅम्सने नकोसा ठरवला, त्या गॉफने जानेवारी २०२४ मध्ये त्याच स्टॅफर्डला फोर्ड फील्डवर २४-२३ असे हरवून लायन्सना ३२ वर्षांनी प्लेऑफचा विजय मिळवून दिला. अंगठीच्या मापाने या दोघांचा हिशेब कसा लावता?

डेट्रॉइटकर (१४ जुलै)

अनघाताई, तो सामना मी प्रेक्षागृहात बसून पाहिला. ‘जॅरेड गॉफ, जॅरेड गॉफ’ हा गजर सामना सुरू होण्यापूर्वीच उठला होता. ज्याला दोन वर्षांपूर्वी आम्ही स्टॅफर्डच्या बदल्यात गळ्यात पडलेले ओझे समजत होतो, त्याच्यासाठी सारे शहर उभे होते. आणि समोर स्टॅफर्ड होता, ज्याने हाडे मोडून घेत आमच्यासाठी बारा वर्षे काढली. दोघांपैकी कोणीही हरू नये असे वाटण्याचा प्रसंग माझ्यावर दुसऱ्यांदा आलेला नाही.

माझे उत्तर असे. स्टॅफर्डने सिनसिनाटीविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये, पिछाडीवर असताना शेवटच्या आक्रमणात नजर दुसरीकडे ठेवून कूपर कपला जो पास दिला, तसे पास तो डेट्रॉइटमध्येही देत असे, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. म्हणून त्याची डेट्रॉइटमधील वर्षे त्याच्या थोरवीत धरलीच पाहिजेत, यावर आपले एकमत आहे. पण ती अंगठी मी वगळणार नाही. संधी मिळाल्यावर ती साधणे हेही कौशल्य आहे, आणि संधी मिळूनही न साधलेले क्वार्टरबॅक मी पुष्कळ पाहिले आहेत. गॉफच्या बाबतीतही हेच म्हणेन. जानेवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध विश्रांतीला २४-७ अशी आघाडी होती, ती गेली. गेल्या हंगामात १५ सामने जिंकूनही वॉशिंग्टनचा नवोदित जेडन डॅनियल्स आमच्या घरी येऊन ४५-३१ असा जिंकून गेला.

निळासावळा (१४ जुलै)

डेट्रॉइटकर, मग आपल्यातले अंतर मला वाटले होते तेवढे नाही. आपण अंगठी पाहता, पण ती कोणत्या पासमुळे आली हेही पाहता. माझा आक्षेप पास न पाहणाऱ्यांवर आहे.

यंदा मात्र एक चांगली कसोटी आपोआप जुळून आली आहे. गॉफच्या आक्रमणाची आखणी करणारा बेन जॉन्सन आता शिकागोचा मुख्य प्रशिक्षक आहे. तिथे त्याच्या हाताखाली २०२४ चा पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स येतो, ज्याला पहिल्या हंगामात ६८ वेळा पाडले गेले आणि ज्याच्यावर आताच फसलेली निवड असा शिक्का मारायला काही जण निघाले आहेत. शिकागोने समोरची फळीही जवळजवळ नवी उभारली आहे. गॉफ जॉन्सनशिवाय तसाच खेळला, तर श्रेय गॉफचे. विल्यम्स एकाएकी सुधारला, तर अनघा यांची ‘जागा चुकीची होती’ ही मांडणी आणखी भक्कम होईल.

डेट्रॉइटकर (१४ जुलै)

मान्य. वेळापत्रकानुसार १४ सप्टेंबरला, हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात, शिकागो फोर्ड फील्डवर येत आहे. त्या सामन्यानंतर याच धाग्यावर लिहीन, निकाल काहीही लागो.